कन्नड म्हणजे नेमकं कुठलं? तालुका, भाषा, राग आणि सातासमुद्रापारचा एक देश

'कन्नड शाळेला शिक्षक मिळेना.'

समजा, एवढंच वाक्य तुमच्या फीडमध्ये आलं. सोबत फोटो नाही, लिंक नाही. तुम्ही काय समजाल?

जतचा किंवा अक्कलकोटचा माणूस म्हणेल, आमच्याकडच्या कानडी माध्यमाच्या शाळेचा विषय दिसतोय. पिशोरचा किंवा चिंचोली लिंबाजीचा माणूस म्हणेल, आपल्या तालुक्याच्या गावातलीच शाळा असणार. दोघंही बरोबर आहेत. मधल्या मध्ये पुण्यामुंबईचा तिसरा कोणीतरी उठून 'महाराष्ट्रात कन्नड शाळा कशाला पाहिजेत?' अशी कमेंट टाकतो, आणि शिक्षक बाजूला राहून भांडण सुरू होतं.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं कन्नड हे तालुक्याचं गाव. शहरापासून साधारण ६० किलोमीटर. धुळे-सोलापूर महामार्गावर, चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटाच्या डोक्यावर. गौताळा अभयारण्य इथलंच, पितळखोऱ्याची लेणी इथलीच, अंतूरचा किल्लाही इथलाच. इथली बोली मराठवाड्याची मराठी, घाट उतरलात की खानदेशी अहिराणी. कर्नाटकाची हद्द इथून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब. तरीही गावाचं नाव आणि शेजारच्या राज्याच्या भाषेचं नाव अक्षर न् अक्षर सारखं.

एकेकाळी हा गोंधळ जवळपास नव्हताच. कारण साधं आहे. आपल्या आजी-आजोबांच्या मराठीत त्या भाषेला 'कन्नड' म्हणतच नव्हते. ती 'कानडी'. माणूस कानडी, मुलूख कानडी, भाषा कानडी. त्यामुळे 'तो कन्नडचा आहे' म्हटलं की गाव, आणि 'तो कानडी आहे' म्हटलं की भाषा. दोन शब्द, दोन अर्थ, विषय संपला.

मग काय झालं? स्वातंत्र्यानंतर भाषावार राज्यं झाली, १ नोव्हेंबर १९७३ला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि भाषेला तिची माणसं ज्या नावानं हाक मारतात तेच नाव सगळीकडे वापरायचं, ही रीत पडत गेली. इंग्रजीतलं जुनं 'कॅनरीज' मागे पडलं, मराठी वर्तमानपत्रांतही 'कानडी'च्या जागी 'कन्नड' बसलं. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. पण त्यात आपल्या एका तालुक्याचं नाव अडकलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आज मोबाइलमध्ये भाषा निवडायची यादी उघडा, तिथे 'कन्नड' दिसेल. भाषांतर करणाऱ्या यंत्राला 'कन्नड' दिला की ते आधी भाषाच धरून चालणार, कारण त्यानं वाचलेल्या मजकुरात हा शब्द भाषेसाठी हजारदा आणि गावासाठी एखाद्या वेळी आलेला असणार. यंत्र इथे चुकत नाही, मोजत असतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. नाव सारखं आहे, तर मूळही एकच असेल का?

आधी भाषेचं नाव

'कर्नाटक' आणि 'कन्नड' ही एकाच घरातली नावं आहेत यावर फारसा वाद नाही. त्या घराचा पाया कुठला, यावर मात्र आहे. सर्वांत जास्त सांगितली जाणारी व्युत्पत्ती म्हणजे 'करु' किंवा 'करि' म्हणजे काळा आणि 'नाडु' म्हणजे देश. काळ्या मातीचा देश. दुसरे अभ्यासक 'करु' म्हणजे उंच, असं धरून 'उंचावरचा देश' म्हणतात. तिसरं मत सुगंधी देशाचं. तिन्हींत 'नाडु' कायम आहे, तमिळनाडूतलं जे 'नाडू' आहे तेच. म्हणजे हा शब्द द्राविडी भाषाकुळातला. संस्कृतात तो 'कर्णाट' झाला.

आणि इथे मराठीची गंमत सुरू होते. संस्कृतातल्या जोडाक्षराचं प्राकृतातून मराठीत येताना काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. कर्ण-कान, पर्ण-पान, कर्म-काम, चर्म-चाम, सप्त-सात. जोडाक्षर मोडतं आणि आधीचा स्वर लांबतो. त्याच चालीनं कर्णाट-कानडा. म्हणजे 'कानडा' आणि 'कानडी' हे मराठीनं आपल्या गिरणीत दळून काढलेले शब्द आहेत, तर दुहेरी 'न'चा 'कन्नड' हा थेट शेजाऱ्याकडून जसाच्या तसा आणलेला. एकाच शब्दाची दोन रूपं, दोन वाटांनी आलेली.

'कानडा' मराठीत आल्यावर त्याला आणखी एक अर्थ चिकटला. ज्याचं बोलणं कळत नाही तो कानडा, म्हणून जो कळत नाही, अगम्य आहे, तोही कानडा. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठलाला 'कानडा' म्हटलंय आणि लगेच 'कर्नाटकु'ही. यावर किती शाई खर्च झाली असेल! काहींच्या मते विठ्ठल कर्नाटकातून आला असं सरळ सांगितलंय. काहींच्या मते तो कळायला अवघड आहे एवढंच म्हणायचंय. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठलाचे दक्षिणेकडचे, धनगर-गवळ्यांकडचे धागे तपशिलानं उलगडले. मला विचाराल तर तिथे दोन्ही अर्थ एकदम आहेत, आणि म्हणूनच तो शब्द तिथे आहे. पुढे गदिमांनी हाच शब्द उचलला, आणि ते गाणं सुधीर फडक्यांसोबत गायलं भीमसेन जोशींनी. गदगचा माणूस. पंढरीचा राजा कानडा, असं मराठी माणसाला सांगायला आवाजही कानडी मुलखातला होता.

संगीतात हाच शब्द रागाचं नाव झाला. दरबारी कानडा, नायकी कानडा, अडाणा, शहाणा ही सगळी कानडा कुटुंबातली मंडळी. परंपरा दरबारी कानड्याचं श्रेय तानसेनाला देते आणि 'कानडा' या नावाचा संबंध कर्णाट देशाशी जोडते. ग्वाल्हेर-आग्र्याकडच्या दरबारात दक्षिणेचं नाव गायलं जात होतं, असा त्याचा अर्थ.

पोर्तुगीजांनी तर आणखी घोळ घातला. किनाऱ्याच्या पट्ट्याला ते 'कनारा' म्हणत. कॅनरा बँक आणि जुना 'नॉर्थ कॅनरा' जिल्हा ही त्याच शब्दाची लेकरं. पण गोव्यातल्या स्थानिक माणसालाही त्यांनी 'कनारिम' म्हणायला सुरुवात केली. थॉमस स्टीफन्स, म्हणजे मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स, यांनी कोकणीचं व्याकरण लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४०मध्ये रायतूरला छापलं गेलं. नाव काय? 'आर्ते दा लिंग्वा कनारिम'. नाव वाचून पुस्तक उघडणाऱ्याला आत कानडी सापडत नाही, कोकणी सापडते. म्हणजे आज फीडमध्ये होतो तो गोंधळ चारशे वर्षांपूर्वी छापील पुस्तकाच्या पहिल्याच पानावर झालेला आहे.

मग कॅनडा?

हसू नका, हा प्रश्न खरंच विचारला जातो. मे २०२२मध्ये कॅनडाच्या संसदेत चंद्र आर्य नावाचे खासदार उठले आणि चक्क कन्नडमध्ये बोलले. ते मूळचे तुमकुरू जिल्ह्यातले. व्हिडिओ भारतभर फिरला, आणि 'कॅनडात कन्नड' हा श्लेष करायचा मोह कुणालाच आवरला नाही.

कॅनडाचं मूळ मात्र कागदावर सापडतं. १५३५मध्ये फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिये सेंट लॉरेन्स नदीतून आत जात होता. सोबतचे दोन स्थानिक तरुण त्याला पुढच्या वस्तीची वाट दाखवत होते. त्यांच्या भाषेत वस्तीला, गावाला शब्द होता 'कनाता'. ती वस्ती म्हणजे स्टाडाकोना, आजच्या क्वेबेक शहराच्या जागी. कार्तियेनं 'कनाडा' हे त्या सगळ्या मुलखाचं नाव समजून लिहून घेतलं. पुढे नकाशांवर ते नाव पसरत गेलं आणि १ जुलै १८६७ला एका देशाचं झालं.

पण कार्तियेनं आणखी एक काम केलं होतं. त्या लोकांच्या शब्दांची यादी लिहून ठेवली होती, आणि त्यात 'ते गावाला कनाडा म्हणतात' अशी नोंद आहे. ही भाषा इरोक्वॉय कुळातली. ती बोलणारे लोक पुढे नाहीसे झाले, पण त्याच कुळातल्या मोहॉक भाषेत गावासाठी जवळपास हाच शब्द आजही आहे. म्हणजे दोन बाजूंनी पुरावा. जुनी लेखी नोंद आणि जिवंत बहीण-भाषा. व्युत्पत्ती सिद्ध करायची म्हणजे असं काहीतरी लागतं.

नाहीतर गोष्टी काय, कुणीही सांगतं. स्पॅनिश खलाशी आले, त्यांना सोनं मिळालं नाही, ते 'आका नादा' म्हणजे 'इथे काही नाही' म्हणाले, त्यावरून कॅनडा, अशीही एक जुनी कथा आहे. ऐकायला मस्त, पुरावा शून्य. स्पॅनिशमध्ये 'कान्यादा' असा शब्द खराच आहे, दोन डोंगरांमधली खिंड किंवा गुरांची वाट. तो मात्र लॅटिनमधल्या 'कान्ना'वरून, म्हणजे वेत-बोरूवरून आलेला. त्याचा कॅनडाशी संबंध नाही आणि कर्नाटकाशी तर नाहीच नाही.

जपानमध्ये 'कानादा' हे आडनाव आहे. 'सोनं' आणि 'भातखाचर' अशा दोन चिन्हांनी ते लिहितात. यासुमासा कानादा हे त्यातलं जगभर माहीत असलेलं नाव. 'पाय' या संख्येचे एक लाख कोटीहून जास्त अंक त्यांच्या गटानं २००२मध्ये काढले होते. आपल्याकडच्या कानडे आडनावाच्या कुणी त्यांना भाऊबंद म्हणायला जाऊ नये, एवढंच.

असं का होतं? माणसाच्या तोंडातून निघणारे सोपे आवाज मोजके असतात. क, न, ड किंवा द किंवा त, आणि मध्ये 'अ' किंवा 'आ'. जगातल्या हजारो भाषांत या तीन-चार आवाजांची जुळणी पुन्हा पुन्हा होणारच. तमिळनाडूत सेलम आहे आणि अमेरिकेतही सेलम आहे. अमेरिकेतलं बायबलमधून, हिब्रूतून आलेलं. आपलं सेलम स्वतःच्या वाटेनं आलेलं. मराठवाड्यातच बघा. नांदेड जिल्ह्यातलं कंधार आणि अफगाणिस्तानातलं कंदाहार. आपलं कंधार राष्ट्रकूटांच्या काळात कंधारपूर म्हणून गाजलेलं. तिकडच्याचं नाव कुणी सिकंदराशी जोडतं, कुणी गांधाराशी.

आता आपलं कन्नड

इथे खरी कसोटी आहे. कारण या गावाच्या आसपास मोहात पाडणाऱ्या गोष्टी फार आहेत.

पहिला मोह राजांचा. शेजारच्या वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या नावावर आहे. प्राकृतात कृष्णाचा 'कण्ह' होतो, कानडी लेखांत राष्ट्रकूट कृष्णराजे 'कन्नर' म्हणून येतात. देवगिरीच्या यादवांतही तेराव्या शतकात कृष्ण ऊर्फ कन्हर झाला. कन्नर, कन्हर, कन्नड! जुळलं की नाही?

दुसरा मोह त्याहून जुना. याच तालुक्यातल्या पितळखोऱ्याला इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तिथे सापडलेली यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती घडवणाऱ्याचं नाव कोरलंय. कण्हदास नावाचा सोनार. पुन्हा 'कण्ह'. मुंबईच्या कान्हेरीच्या मुळाशीही हाच 'कण्ह' आहे, कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर.

तिसरा मोह मातीचा. 'काळ्या मातीचा देश' म्हणजे कर्नाटक, तर मग कापूस-मका पिकवणाऱ्या कन्नड तालुक्यात काळी माती कमी आहे का?

तिन्ही वाटांवर 'काळा' हाच अर्थ हाती लागतो हे तर फारच फसवं. संस्कृत 'कृष्ण' काळा, द्राविडी 'करि'ही काळा. पण ही दोन वेगळ्या कुळांतली मुळं आहेत, एकातून दुसरं आलेलं नाही. अर्थ सारखा, आवाज जवळचा, नातं नाही. हौशी व्युत्पत्ती नेमकी इथेच घसरते. पु. ना. ओकांनी व्हॅटिकनला 'वाटिका' आणि ख्रिश्चॅनिटीला 'कृष्णनीती' ठरवलं होतं, ते याच पद्धतीनं. कानाला गोड लागलं की झालं.

गावाच्या नावाचं मूळ ठरवायचं तर ताम्रपट, शिलालेख, सनदा, निजामाच्या महसुली दप्तरातली जुनी रूपं एकामागे एक लावावी लागतात. शंभर वर्षांपूर्वी कसं लिहीत, तीनशे वर्षांपूर्वी कसं, त्याआधी कसं. तशी साखळी समोर ठेवल्याशिवाय कुणी 'हे कर्नाटकातून आलेलं नाव' म्हणत असेल किंवा 'हे कृष्णाचं नाव' म्हणत असेल, तर दोघांनाही एकच प्रश्न विचारा. जुना कागद कुठाय?

एवढं महत्त्व कशाला?

कारण आपल्याकडे नावावरून फक्त चर्चा होत नाही, हद्दी मागितल्या जातात.

नवव्या शतकातल्या 'कविराजमार्ग' या कानडी ग्रंथात कानडी मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलाय. हा ग्रंथ राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या दरबारातला. तोच ग्रंथ असंही सांगतो की अस्सल कानडीचं माहेर पट्टदकल, कोप्पळ, लक्ष्मेश्वर या भागात आहे. पण दुसरी ओळ कुणी शेअर करत नाही. सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागात जुने कानडी शिलालेख भरपूर आहेत, आणि कर्नाटकात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी कोरलेली आहे. त्या काळात राजा, दरबाराची भाषा आणि गावातल्या माणसाची बोली एकच असलीच पाहिजे असा नियम नव्हता. आज एखाद्यानं नकाशावर गोदावरीच्या उत्तरेला 'कन्नड' नावाचं गाव दाखवून 'बघा, इथपर्यंत आमचं' म्हटलं, तर ते विनोदी वाटेल. पण नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला होता, तेव्हा कुणी हसलं नव्हतं. महाराष्ट्राचा ८६५ गावांचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

फेब्रुवारी २०२५मध्ये बेळगावजवळ मराठीत बोलण्यावरून वाद झाला आणि कर्नाटकाच्या बसच्या कंडक्टरला मारहाण झाल्याचं प्रकरण पेटलं. चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळं फासलं गेलं. दोन राज्यांमधल्या बसगाड्या काही काळ थांबल्या. २२ मार्चला कर्नाटक बंद झाला. त्याच वर्षी मे महिन्यात कमल हासन चेन्नईच्या कार्यक्रमात कन्नडचा जन्म तमिळमधून झाल्याचं बोलून गेले आणि 'ठग लाइफ' कर्नाटकात ठरलेल्या दिवशी लागलाच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. भाषाशास्त्र काय म्हणतं? तमिळ आणि कन्नड या बहिणी, दोघींची आई एक जुनी दक्षिण-द्राविडी भाषा. आई-लेकीचं नातं नाही. पण बहिणींपैकी एकीला आई म्हटलं की दुसरीच्या घरचे चिडणारच. आपल्याला कुणी मराठी ही हिंदीची बोली म्हटलं तर आपण काय करतो, ते आठवून बघा.

आणि आपल्या जिल्ह्यात तर नावं हा रोजचा विषय आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३मध्ये झालं. कन्नडच्या शेजारच्या खुलताबादचं रत्नपूर करायची घोषणा २०२५मध्ये झाली. अशा हवेत 'कन्नड हे नावच परकं आहे' असा मेसेज एखाद्या दिवशी फिरायला लागला, तर मला आश्चर्य वाटणार नाही. तो तसाच पुढे ढकलण्याआधी वरचा प्रश्न विचारता येतो.

खरं परकं नाव त्या भागात एक आहेच, आणि त्यावर कुणी भांडत नाही. कन्नडच्या घाटाला औट्रम घाटही म्हणतात. हे नाव जेम्स आउट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं. १८२५च्या सुमारास त्यानं खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. म्हणजे एकाच डोंगररांगेत पितळखोरे हे मराठी नाव, औट्रम हे इंग्रजी, आणि वर कन्नड.

गोंधळाचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो याच घाटात. ३१ ऑगस्ट २०२१ला रात्रभराच्या पावसानं घाटात दरड कोसळली, वाहनं अडकली, खाली चाळीसगावात पूर आला. २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं अवजड वाहनांना या घाटातून मनाई केली. अशा वेळी धुळ्याहून निघालेला माणूस मोबाइलवर 'कन्नड बंद' शोधतो आणि त्याच्यासमोर बेंगळुरूच्या बंदच्या बातम्या येऊ शकतात. पावसाळ्यात त्या रस्त्यानं जाणार असाल तर 'कन्नड घाट चाळीसगाव' आणि 'औट्रम घाट' ही दोन्ही नावं टाकून बघा. आणि तुम्ही स्वतः कन्नडचे असाल, तर अडकलेल्या गाड्यांचा व्हिडिओ टाकताना तालुका आणि जिल्हा लिहा. नुसतं 'कन्नड' लिहिलंत तर बाहेरच्या माणसाला वाटेल, गाड्या कर्नाटकात अडकल्यात.